वडगावची लढाई बैलांच्या तांड्यात कशी हरली गेली

प्रश्न थोडक्यात असा: मुंबईहून पुण्याला जाताना तळेगावच्या अलीकडे वडगाव मावळ लागतं. १७७९ साली इंग्रज तिथे शरण आले, एवढं बहुतेकांना माहीत असतं. पण तोफा होत्या, कवायती शिपाई होते, गोरी पलटण होती, तरी ते हरले कसे? मराठ्यांनी त्यांना बोरघाटातच का अडवलं नाही? आणि साष्टी शेवटी इंग्रजांकडेच राहिली, तर या लढाईला निर्णायक म्हणायचं का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर तळेगावात शोधू नका, पनवेलच्या खाडीत शोधा. ही मोहीम मुंबईच्या गव्हर्नर आणि कौन्सिलने आखली. गव्हर्नर विल्यम हॉर्नबी, ज्याच्या नावाचा हॉर्नबी रोड पुढे दादाभाई नौरोजी रोड झाला. त्याला रघुनाथरावांना पुण्याच्या गादीवर बसवायचं होतं आणि बदल्यात साष्टी, वसई हा मुलूख पक्का करून घ्यायचा होता. साष्टी म्हणजे आज आपण वांद्र्यापासून दहिसरपर्यंत आणि तिकडे ठाण्यापर्यंत जिला उपनगरं म्हणतो ती सगळी जमीन. ठाण्याचा किल्ला इंग्रजांनी १७७४च्या डिसेंबरात घेतलाच होता. १७७५चा सुरतेचा तह रघुनाथरावांशी झाला, कंपनीच्या कलकत्त्याच्या वरिष्ठ सरकारने तो मोडीत काढून १७७६ साली पुरंदरचा तह केला, आणि मुंबईकर कौन्सिलला तो कधीच पचला नाही.

मोहिमेचं निमित्त पुण्यातल्या फुटीचं होतं. १७७८च्या पूर्वार्धात मोरोबा फडणीस आणि त्यांच्या गटाने नाना फडणीसांना बाजूला सारलं आणि मुंबईला बोलावणं धाडलं. त्या वेळी फौज निघाली असती तर शहरात दार उघडायला कुणीतरी होतं. पण जुलैपर्यंत नाना आणि महादजी शिंदे यांनी डाव उलटवला, मोरोबा कैदेत गेले, आणि मुंबईची फौज हलली ती नोव्हेंबरच्या अखेरीस. बोलावणारा तुरुंगात असताना पाहुणा निघाला. रघुनाथराव सांगत होते की आपण घाट चढलो की सरदार येऊन मिळतील. होळकरांवर त्यांची विशेष भिस्त होती. एकही वजनदार सरदार आला नाही.

आता आकडे. लढाऊ माणसं सुमारे ३९००, त्यांत गोरे सहाशेच्या आत-बाहेर, बाकी मुंबईचे देशी शिपाई आणि तोफखान्याचे लष्करी मजूर. आणि बैल १९,०००पेक्षा जास्त. या एका आकड्यावर थांबा, कारण सगळी मोहीम त्यात आहे. एका लढाऊ माणसामागे जवळजवळ पाच बैल पडतात.

एवढे बैल एका वाटेवर घातले तर काय होतं, हे कागदावर मांडून पाहता येतं. पाठीवर गोणी लादलेला बैल आणि पुढच्या बैलापर्यंतचं अंतर मिळून दहा फूट धरा. तीन-तीन बैलांच्या रांगा केल्या तरी तांड्याची लांबी साधारण १२ मैल होते. मावळातल्या मोकळ्या रानात पाच-पाचच्या रांगा धरल्या तर सात मैल. लादलेला बैल तासाला दोन मैलांच्या वर चालत नाही, म्हणजे बारा मैलांचा तांडा एका ठिकाणावरून पुढे सरकायला सहा तास. डोकं मुक्कामाला पोचलं तरी शेपूट कालच्या तळावरच असतं. आणि त्या शेपटाच्या प्रत्येक हाताला राखण लागते, कारण मराठी घोडदळाला तोफांशी भिडायची गरजच नसते. बैलवाल्यांवर दोन बाण टाकले तरी पुरे. (बाण म्हणजे लोखंडी नळीत दारू ठासलेले अग्निबाण. माणसं फार मरत नसत, पण जनावरं बिथरत.)

वैरणीचा हिशेबही तसाच करून पाहा. बैलाला दिवसाला सहा किलो कोरडी वैरण धरली, आणि कष्टाच्या जनावराला हे कमीच आहे, तरी १९,००० बैलांना रोज ११४ टन लागते. ही वैरण मुंबईहून नेता येत नाही. तीच वाहायला आणखी बैल लागतील. ती वाटेवरच्या गावांतून, भाताच्या पेंढ्यातून, माळावरच्या गवतातूनच मिळायला हवी. म्हणून मराठ्यांनी पुढची गावं उठवायला आणि पेंढा-दाणा जाळायला सुरुवात केली, तेव्हा त्यांनी इंग्रजांच्या मर्मावर हात घातला होता. शिपायांच्या पोटाची सोय तळावर होती. तळेगावला पोचताना १८ दिवसांचा शिधा शिल्लक होता. चाऱ्याला मात्र रोज रानात जावं लागत होतं, आणि कहीवर (म्हणजे चारा गोळा करायला) गेलेला माणूस परत येईलच असं नव्हतं.

आता वाट. मुंबईहून माणसं आणि सामान होड्यांनी पनवेलला. ही खाडी गाळाची, भरतीवरच मोठ्या होड्या आत येणार. पनवेलहून खोपोली, आणि तिथून सुमारे १८०० फुटांची चढण खंडाळ्यापर्यंत. आज आपण बोगद्यांतून पंधरा-वीस मिनिटांत वर येतो, त्यामुळे या चढणीचा अंदाजच राहिलेला नाही. बोरघाटात गाडीरस्ता झाला तो १८३० साली आणि रेल्वे १८६३ साली. १७७८ साली होती ती लमाणी तांड्यांची वाट. तीवरून बैलाची गोणी जाते, पण तोफेचा गाडा दोर लावून माणसांनी ओढावा लागतो आणि आधी वाट फोडावी लागते.

कॅप्टन जेम्स स्ट्युअर्ट सहा ग्रेनेडियर कंपन्या घेऊन पुढे गेला आणि नोव्हेंबरातच घाटमाथा धरला. त्याला विरोध झाला नाही. बाकीची फौज मात्र तोफा-सामानासह वर खंडाळ्याला जमली ती २३ डिसेंबरला. इथे महिना गेला.

मराठ्यांनी घाटातच का अडवलं नाही, हा प्रश्न या टप्प्याचा आहे. लोकप्रिय कथनात घाटातल्या कोंडीचं चित्र रंगवलं जातं. ते बरोबर नाही. घाट चढताना अडवलेली फौज काय करते? मागे फिरते, पनवेलला होड्यांत बसते, आणि दोन महिन्यांनी पुन्हा येते. तिचा पराभव होत नाही. घाट चढून आत आलेल्या फौजेच्या पाठीशी मात्र एकच अरुंद तोंड राहतं आणि समुद्र, म्हणजे इंग्रजांचं खरं बळ, तिथून तुटतो. पुण्याच्या कारभाऱ्यांनी हे पहिल्या दिवसापासून असंच ठरवलं होतं असा दावा मी करणार नाही. नोव्हेंबरात शिंदे-होळकरांच्या मोठ्या फौजा एकत्र आलेल्याच नव्हत्या, हेही कारण आहेच. पण घाट दिल्याने त्यांचं नुकसान झालं नाही, फायदाच झाला.

खंडाळ्याहून पुणे सत्तरेक किलोमीटर. रोज दहा मैलांची साधी मजल मारली असती तर फौज वर्ष संपण्याच्या आत पुण्यासमोर उभी राहिली असती, आणि तेव्हा समोर होती ती तोफखान्याचे सरदार भिवराव पानसे यांची हलकी फौज. प्रत्यक्षात इंग्रजांनी फौजेचे दोन भाग केले आणि एक भाग थोडा पुढे सरकणार, थांबणार, मग दुसरा त्याच्यापर्यंत येणार, अशी चाल धरली. कार्ल्यापर्यंतच्या आठ मैलांना ११ दिवस लागले. दिवसाला पाऊण मैल. खंडाळा-लोणावळ्याहून मळवली स्टेशनपर्यंतचं अंतर डोळ्यांसमोर आणा.

या संथपणाला भित्रेपणा म्हणणं सोपं आहे, पण वर मांडलेल्या हिशेबात तो आपोआप बसतो. सात ते बारा मैलांचा तांडा आणि त्याला राखायला चार हजारांहून कमी माणसं असतील, तर सगळा तांडा एका वेळी हलवता येतच नाही. अर्धा हलतो, अर्धा राखतो. चूक चालीत नव्हती, एवढं ओझं बरोबर घेण्यात होती. त्यावर उपाय होता: जड तोफा आणि निम्मे बैल खंडाळ्यात मोर्चा बांधून ठेवायचे आणि बाकीच्यांनी हलकं होऊन चार दिवसांत पुणं गाठायचं. तो निर्णय घ्यायला एक डोकं लागतं. इथे डोकी तीन होती.

मोहिमेवर कमिटी नेमली होती: जॉन कार्नाक, कर्नल एजर्टन आणि टॉमस मॉस्टिन. निर्णय बहुमताने. यांपैकी पुणं आतून ओळखणारा एकटा मॉस्टिन. तो पुण्यात कंपनीचा वकील, म्हणजे दूत, म्हणून राहिलेला. तो आजारी पडून मुंबईला परतला आणि १ जानेवारीला वारला. कार्नाक आणि एजर्टन यांचं मानपानावरूनच बिनसलं होतं. एजर्टनही आजारी. ६ जानेवारीला त्याने सेनापतिपद कर्नल कॉकबर्नकडे सोपवलं आणि मुंबईला निघाला. पण तोवर मराठ्यांची तुकडी कोकणात उतरून वाट बंद झाली होती, म्हणून तोही तळावर परत आला आणि कमिटीत पुन्हा बसला.

मधल्या दिवसांत मराठ्यांनी एकही मोठी लढाई दिली नाही. तोफा लांबून डागायच्या, घोडदळाने बगलेवर यायचं, इंग्रज फळी करून उभे राहिले की निघून जायचं. ३१ डिसेंबरला कर्नल के याला प्राणघातक जखम झाली. ४ जानेवारीला कार्ल्याजवळ तोफेच्या गोळ्याने स्ट्युअर्ट पडला. फौजेतला हा सर्वांत तडफदार अधिकारी. मराठ्यांनीच त्याला 'इष्टुर फाकडा' म्हटलं आणि पेशवाईतल्या साडेतीन फाकड्यांमध्ये (फाकडा म्हणजे शूर वीर) अर्धा मान त्याला दिला. शत्रूच्या शौर्याला नाव देऊन ते जपणं, ही त्या काळाची मला फार मोलाची वाटणारी गोष्ट आहे. उजवीकडे लोहगड-विसापूर मराठ्यांच्या ताब्यात होते, आणि त्या माथ्यावरून इंद्रायणीचं सगळं खोरं दिसतं. तळ कुठे पडला, तांडा किती लांब आहे, कही कोणत्या बाजूला गेली, यातलं काहीही लपण्यासारखं नव्हतं.

९ जानेवारीला फौज तळेगावला आली. समोर महादजी शिंदे, तुकोजी होळकर आणि हरिपंत फडके यांच्या फौजा दिसल्या. इंग्रज पुढे सरसावले तसे ते मागे सरले. गाव मात्र जळालेलं. आणि बातमी आली की गरज पडली तर चिंचवड आणि खुद्द पुणंही जाळायची तयारी ठेवली आहे. पुणं तिथून १८ मैलांवर होतं. रघुनाथरावांना गादीवर बसवायला चाललेल्या फौजेला आता दिसत होतं की गादीच्या जागी राख मिळेल, आणि त्या राखेत बैलांना चारा नसेल.

माझ्या मते लढाईचा निकाल इथे लागला. हाती १८ दिवसांचा शिधा असताना, पुणं दोन मजलांवर असताना, कमिटीने ११ जानेवारीच्या रात्री माघार ठरवली. जड तोफा मोठ्या तळ्यात ढकलल्या, साठा पेटवला, आणि रात्री ११च्या सुमारास सुमारे २६०० लढाऊ माणसं परतीला लागली. बेत गुपचूप निसटण्याचा होता, पण पेटवलेल्या साठ्याचा उजेड मैलांवरून दिसतो. मध्यरात्रीनंतर आघाडीवर गोळीबार सुरू झाला, म्हणजे परतीची वाटही धरलेली होती. मग पिछाडीवर मोठा हल्ला झाला आणि बाजारबुणगे, बैलवाले, सामान मधल्यामध्ये लुटलं गेलं.

पिछाडी कॅप्टन जेम्स हार्टलीकडे होती. त्याने ती आश्चर्य वाटावं इतकी नीट सांभाळली. उंचवटा बघून थांबायचं, फैर झाडायची, अर्ध्यांनी मागे सरायचं, उरलेल्यांनी आड राहायचं. १२ तारखेला दुपारनंतर फौज वडगावात शिरली. एवढ्या वेळात अंतर काटलं किती? आजच्या रस्त्याने तळेगाव दाभाडे ते वडगाव चार-पाच किलोमीटर आहे. त्या एका दिवसात साडेतीनशेच्या आसपास माणसं मेली, जखमी झाली किंवा हरवली.

हा आकडा बघून काही जण म्हणतात, एवढ्याशा नुकसानीवर शरणागती कशी? कारण शरण फौजेचं मनुष्यबळ आलं नाही, तिची हालचाल आली. वडगावात भोवती मराठी तोफा होत्या, बैल गेले होते, शिपाई फुटू लागले होते, घाट अजून पंचवीस-तीस किलोमीटर लांब आणि त्याच्या खालीही मराठेच. एजर्टन आणि कॉकबर्न दोघांनी माघार अशक्य म्हणून सांगितलं. हार्टलीने ती शक्य आहे असं मांडलं आणि योजनाही दिली. ती कुणी ऐकली नाही. कंपनीने पुढे कार्नाक, एजर्टन, कॉकबर्न या तिघांना काढलं आणि हार्टलीला बढती दिली, यावरून कोण बरोबर होतं याचं कंपनीचं मत कळतं. मला स्वतःला हार्टलीची योजनाही घाटाच्या तोंडाशी अडकली असती असं वाटतं.

बोलणी आधी फार्मर या अधिकाऱ्यामार्फत झाली. पहिली मागणी: रघुनाथराव ताब्यात द्या. मग इंग्रजांनी महादजींकडे वेगळा वकील धाडला, आणि महादजींनी ही संधी ओळखली. तह त्यांच्या हातून झाला, त्यामुळे दरबारातलं त्यांचं वजन वाढलं. रघुनाथराव स्वतःच महादजींच्या स्वाधीन झाले. १६ जानेवारीच्या तहात मुख्य कलमं अशी: १७७३पासून घेतलेला सगळा मुलूख, म्हणजे साष्टी, ठाणे आणि गुजरातेतली ठाणी, परत द्यायची, बंगालहून येणाऱ्या फौजेला परत फिरवायचं, भडोच शिंद्यांना, आणि फार्मर व लेफ्टनंट चार्ल्स स्ट्युअर्ट हे दोघे ओलीस. हा चार्ल्स म्हणजे कार्ल्याला पडलेला जेम्स नव्हे. लिखाणात हे दोन स्ट्युअर्ट वारंवार एक केले जातात.

आता निर्णायक की नाही. साष्टीच्या बाबतीत नाही. हॉर्नबीने तह नाकारला: कमिटीला असा तह करायचा अधिकारच नव्हता, असं सांगून. बंगालची फौज घेऊन आलेला गॉडर्ड बऱ्हाणपुरात होता. तो परत फिरला नाही आणि फेब्रुवारीच्या अखेरीस सुरतेला पोचला. १७८० साली वसई पडली. १७८२च्या सालबाईच्या तहात वसई मराठ्यांना परत मिळाली, साष्टी इंग्रजांकडे राहिली. महादजींच्या तहाचं, शिंद्यांना पुढे मिळालेलं भडोच सोडलं तर, एकही मोठं कलम मुलुखाच्या दृष्टीने टिकलं नाही, हे मान्य करायला हवं. विजयाचा अभिमान बाळगताना हे झाकू नये.

दोन गोष्टी मात्र वडगावने ठरवल्या. एक म्हणजे मुंबई कौन्सिलची स्वतंत्र राजनीती संपली. यापुढे युद्ध आणि तह यांची सूत्रं कलकत्त्याकडे गेली आणि पुण्याशी बोलणी करायचा अधिकार गॉडर्डला मिळाला. दुसरी म्हणजे मुंबई बंदरातून निघून, बोरघाट चढून पुणं घेणं तेव्हाच्या साधनांनी जमत नाही, हे सिद्ध झालं. शंका असेल तर १७८१ बघा. गॉडर्ड स्वतः त्याच वाटेने आला, घाटमाथा धरला, आणि परशुरामभाऊ पटवर्धनांनी पनवेलहून येणाऱ्या त्याच्या रसदेवर घाले घातले. एप्रिलमध्ये त्याला घाट उतरून परत जावं लागलं, चारशेहून अधिक माणसं गमावून. गॉडर्ड हा एजर्टन नव्हता, चांगला सेनापती होता. चूक एकट्या माणसांची असती तर दुसऱ्या वेळी निकाल वेगळा लागला असता.

१८०३ साली इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली पुण्यात आला तो मुंबईहून नव्हे, दक्षिणेकडून, म्हैसूरचे निवडक बैल आणि वंजाऱ्यांचे तांडे बांधून घेऊन. रघुनाथरावांचे दत्तक पुत्र अमृतराव पुणं जाळणार अशी खबर लागताच तो सामान मागे ठेवून घोडदळासह धावला आणि २० एप्रिलला शहर वाचवलं. तळेगावला कमिटीने जे करायला हवं होतं तेच त्याने केलं. त्याच वर्षी २३ सप्टेंबरला आसईला त्याच्यासमोर शिंद्यांच्या कवायती पलटणी आणि जड तोफा एका जागी उभ्या होत्या. १७७९ साली जड होते ते इंग्रज. आसई समजून घ्यायची तर आधी वडगाव नीट समजायला हवं, असं मी आग्रहाने म्हणतो.

प्रत्यक्ष पाहायचं असेल तर उलट्या क्रमाने जाऊ नका. सकाळी मळवलीला उतरा, लोहगड चढा आणि माथ्यावरून इंद्रायणीच्या खोऱ्याकडे तोंड करून लोणावळ्यापासून पूर्वेकडे नजर फिरवा: पाऊण मैल रोज म्हणजे काय ते तिथे कळतं. डिसेंबर-जानेवारीत गेलात तर हवा स्वच्छ असते आणि मोहिमेचाच ऋतू मिळतो. मग लोकलने वडगाव. इष्टुर फाकड्याची समाधी गावात पोलीस ठाण्याच्या आवारात आहे, तेव्हा आधी विचारून आत जा. तिथून तळेगावच्या दिशेने जुन्या हमरस्त्याने चालत निघा. तासाभराची वाट आहे. हार्टलीच्या पिछाडीला ती एक रात्र आणि अर्धा दिवस पुरली. चालताना दोन्ही बाजूंचे उंचवटे बघत जा.